चौथं पान

ओली चादर किती जड असते, हे ज्याने ती कधी पिळली नाही त्याला सांगून उपयोग नाही. आणि ही तर साधी चादर नव्हतीच. खतरावांनी हट्टाने शेजारच्या विणकराकडून विणून घेतलेली, हातमागाची, जाडजूड, गालिच्याची धाकटी बहीण शोभावी अशी. कोरडी असताना पाहुणे तिच्यावरून हात फिरवून फिरवून कौतुक करायचे. ओली झाली की तिची म्हैस व्हायची. दोन टोकांना दोन माणसांनी उभं राहून उलटसुलट पीळ घातला तर कुठे ती पाणी सोडणार, आणि वहिनी तर एकटी. म्हणून तिने एक युक्ती काढली होती. चादरीचा वळसा अंगणातल्या खांबाला घालायचा, दोन्ही टोकं एकत्र धरायची आणि सगळं अंग मागे झोकून द्यायचं. खांब हलायचा नाही. चादर हलायची, आणि कमरेत आतमध्ये कुठेतरी काहीतरी हलायचं, ते मात्र फक्त वहिनीला कळायचं.

खरं तर ती वहिनी एकट्या नणंदेची. पण नणंद दिवसभर पुढच्या दुकानातून “वहिनी, अहो वहिनी” असा पुकारा करायची, त्यामुळे बेकरीवाला, पोस्टमन, आलेगेले पाहुणे, सगळेच तिला वहिनी म्हणू लागले. पांढऱ्या दाढीचे एक आजोबा चार दिवस राहून गेले, तेही जाताना म्हणाले, “वहिनी, येतो.” तिने हसून मान हलवली आणि लगेच त्यांच्या खोलीतली चादर काढायला वर गेली.

घर गावाच्या कडेला, रस्त्याला लागून. पुढे नणंदेचं दुकान, त्यात आसपासच्या लोकांनी केलेला साबण, मध, टोपल्या, लोकरीचे मोजे. मागे स्वयंपाकघर आणि एक लांबच लांब टेबल, तिथे पाहुणे जेवणार. वरती तीन खोल्या. जे काही वापरायचं ते चालत जाऊन आणता येईल एवढ्या अंतरातलं, आणि जे काही उरेल ते मातीत परत गेलं पाहिजे, हा खतरावांचा नियम. खतराव म्हणजे तिचे यजमान. त्यांना त्यांच्या जन्माच्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. माणूस भेटला की त्याला खताबद्दल सांगायचंच, अशी त्यांची ख्याती. एकदा दाताच्या डॉक्टरने त्यांचं तोंड उघडून ठेवलं होतं, तर तशा अवस्थेतसुद्धा त्यांनी सुक्या पाल्याचं महत्त्व सांगितलं, आणि डॉक्टरला ते कळलंही, असं गावात सांगतात.

माणूस वाईट नव्हता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे त्यांचा राग येण्याचा संभव आहे. स्वतः मरमर मरायचे. भुशाची पोती हातगाडीवर घालून लाकूड कारखान्यातून ओढत आणायचे, कारण त्यांच्या संडासात पाणी नव्हतं, भुसा होता, आणि तो कसा टाकायचा याचं प्रात्यक्षिक ते प्रत्येक पाहुण्याला मोठ्या प्रेमाने द्यायचे. फक्त एवढंच की त्यांच्या कामाकडे पाहुणे बघत असत. वहिनीचं काम पाहुणे उठायच्या आधी सुरू व्हायचं आणि त्यांच्या पाठीमागे चालायचं. पाहुण्यांना वाटे, या घरात सगळं आपोआप होतं.

आता त्या पानांची गोष्ट. गावाकडच्या अशा राहायच्या, जेवायच्या, खरेदीच्या जागा तपासणारी एक संस्था होती. जागा पसंत पडली की ती दारावर लावायला पितळेची पानं द्यायची. खतरावांच्या दारावर तीन होती. चार पानं त्या सगळ्या भागात कुणाकडेच नव्हती. खतराव रोज सकाळी ती तीन पानं बाहीने पुसायचे आणि चौथ्याच्या जागेकडे बघत उभे राहायचे. रिकाम्या खुर्चीकडे बघावं तसे.

वहिनीला पान नको होतं. तिला आठवड्यातला एक दिवस हवा होता. त्या दिवशी पाहुणे नाहीत, चूल पेटवायची नाही, चादरी नाहीत, कुणी वहिनी म्हणायचं नाही. हे तिने पहिल्यांदा सांगितलं तेव्हा खतराव म्हणाले होते, नक्की, चौथं पान आलं की. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हाही हेच म्हणाले. तिसऱ्यांदा ती अर्धंच वाक्य बोलली आणि पुढचं त्यांनीच पूर्ण केलं. मग तिने सांगायचं सोडलं. सांगायलाही ताकद लागते, आणि ती चादरींना पुरवून ठेवायला हवी होती.

त्या गुरुवारी पानवाली बाई तपासणीला येणार होती. म्हणून खतरावांनी मनाचा मोठेपणा दाखवून तेवढ्यापुरती एक कामाची बाई ठेवायला परवानगी दिली. बेकरीवाला म्हणाला, माझी एक लांबची मावसबहीण आहे, मंगळवारी सकाळच्या बसने पाठवतो, राहून काम करेल. वहिनीने तो मंगळवार असा मनात धरून ठेवला होता, की सोमवारी तिला दोनदा वाटलं आज मंगळवारच आहे.

मंगळवारी खतराव पहाटेच भुसा आणायला गेले. खोल्या रिकाम्या होत्या. तिन्ही खोल्यांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल, टेबलावरची कापडं, सगळं वहिनीने हौदात भिजवून ठेवलं होतं आणि ती खांबाशी पहिल्या चादरीबरोबर कुस्ती खेळत होती. तेवढ्यात फाटकातून एक बाई आत आली. पन्नाशीच्या अलीकडची, खांद्याला कापडी पिशवी, बुटांना धूळ. बसस्टॉपवरून चालत आलेली दिसत होती. हसून म्हणाली, मला इथे दोन-तीन दिवस राहायचं आहे.

वहिनीला एवढा आनंद झाला की तिच्या हातातलं टोकच सुटलं.

“आलात? फार बरं झालं,” ती म्हणाली. “बूट तिथे काढा, बाह्या वर करा आणि हे टोक धरा.”

आता हिला कोण सांगणार, की ही मावसबहीण नव्हेच. मावसबहिणीला आदल्या दिवशी दुसरीकडे बरं काम मिळालं होतं आणि तो निरोप बेकरीवाला पावाबरोबर पाठवायला विसरला होता. ही पानवाली बाई होती. संस्थेची माणसं सांगितलेल्या दिवसाच्या आधीच येऊन साध्या पाहुण्यासारखी राहतात, म्हणजे घर नटायच्या आत त्यांना दिसतं. तुम्ही म्हणाल, मग ती बोलली का नाही? तर त्यालाही कारण खतराव. त्यांनी वेबसाइटवर लिहून ठेवलं होतं की आमच्याकडे पाहुणे घरकामात सहभागी होऊन खऱ्या ग्रामीण जीवनाचा अनुभव घेऊ शकतात. हे त्यांनी वहिनीला सांगितलं नव्हतं, कारण आजवर एकाही पाहुण्याने तो अनुभव मागितला नव्हता. बाईंना वाटलं, हाच तो अनुभव. जरा लवकर सुरू झाला, एवढंच. त्या एवढंच म्हणाल्या की आधी खोली बघता आली असती तर बरं झालं असतं. वहिनीने सांगितलं, खोल्या कुठे पळून जात नाहीत, चादरी मात्र वास मारायला लागतील.

बाईंनी बूट काढले, बाह्या वर केल्या आणि टोक धरलं.

पहिल्या दोन चादरी बऱ्या गेल्या. दोन माणसांनी पीळ घातला की पाणी कसं धो धो पडतं, हे वहिनी जवळजवळ विसरूनच गेली होती. तिला वाटलं, बघत उभं राहावं. तिसऱ्या चादरीला बाईंचा हात निसटला आणि चादर सरळ चिखलात. बाई कानकोंड्या झाल्या. वहिनी रागावली नाही. रागवायला पण उत्साह लागतो. तिने चादर उचलली, परत हौदात टाकली आणि म्हणाली, होतं असं, तुम्हाला सवय नाही, दोन दिवसांत हात बसेल.

ही नवी बाई कामात कच्ची असली तरी चौकस होती. धुण्याचं पाणी कुठे जातं, तिने विचारलं. वहिनीने सांगितलं, भोपळ्याच्या आळ्यात. साबण कसला, लाकूड कुठून येतं, उन्हाळ्यात झरा आटतो का. वहिनीला कौतुक वाटलं. इतकी वर्षं इथे येऊन गेलेल्या माणसांपैकी कुणी पाणी कुठे जातं हे विचारलं नव्हतं. सगळ्यांनी चहा कधी मिळेल तेवढं विचारलं होतं.

आणि मग वहिनी बोलायला लागली. पाहुण्यांशी बोलायचं ते गोड, नवऱ्याशी बोलायचं ते कमी, नणंदेशी बोलायचं ते जपून. पण चादरीच्या दुसऱ्या टोकाला जे माणूस उभं असतं त्याच्याशी काय लपवायचं? त्याला तर कामाचा अंदाज दिलाच पाहिजे. तिने सांगितलं की हे काम अंगावर येतं, तेव्हा रोज रात्री कमरेला तेल चोळायचं. चुलीवरचं पाणी एकदम उचलायचं नाही, अर्धं अर्धं न्यायचं. वरच्या तिसऱ्या खोलीच्या पायऱ्या उंच आहेत, भुशाची बादली घेऊन उतरताना भिंतीकडेच राहायचं. आमचे हे खताबद्दल सांगायला लागले की मान हलवायची, मध्ये प्रश्न विचारायचा नाही, विचारलात तर भाजी करपते. पाहुणे म्हणतात इथे किती शांत आहे, तेव्हा हो म्हणायचं. त्यांना ती शांतता देण्यासाठी आपण किती वाजता उठतो, ते सांगत बसायचं नाही.

बाई ऐकत होत्या. मध्येच त्यांनी विचारलं, मशीन का नाही घेत?

“मशीन आलं तर पान जाईल, असं ह्यांना वाटतं,” वहिनी म्हणाली. “खरंच जाईल का, ते त्या पानवालीलाच ठाऊक.”

बाईंनी चादरीचा पीळ जरा घट्ट केला.

दुपारी दोघींनी स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभ्यानेच पाव आणि भाजी खाल्ली. टेबल मोकळं होतं, पण वहिनीला तिथे बसायची सवयच नव्हती, आणि कामाच्या बाईला एकटीला तिथे बसवणं बरं दिसलं नसतं. तेवढ्यात नणंद दुकानातून डोकावली. नव्या बाईकडे तिने वरपासून खालपर्यंत पाहिलं, हातांपाशी नजर थांबली आणि वहिनीला बाजूला घेऊन तिने आपलं मत दिलं, तेही असं की पलीकडच्या गल्लीत ऐकू जावं.

“वहिनी, हिचे हात बघितलेत? लोणी आहे नुसतं. ही शुक्रवार बघत नाही.”

“वन्सं, शुक्रवार कशाला, गुरुवारपर्यंत टिकली तरी तिची मी आरती ओवाळीन.”

बाई पावाचा तुकडा तोंडात धरून हसू दाबत होत्या. मग तळहाताकडे बघून त्यांचं हसू गेलं. फोड आले होते. वहिनीने डब्यातला मलम काढून लावून दिला आणि स्वतःचे हात दाखवले, म्हणाली, पुढे पुढे इथे काही लागतच नाही बघा, मऊ असेपर्यंतच त्रास.

जेवण झाल्यावर राहिलेली कापडं घेताना बाईंनी अगदी सहज विचारलं की तुम्ही सुट्टी कधी घेता. वहिनीला हसू आलं. ते बाहेर पडताना वाटेत कुठेतरी जिरलं. मग तिने सगळंच सांगितलं. एक दिवस मागितला ते, चौथ्या पानाचं वचन मिळालं ते, आणि पानवाली बाई गुरुवारी येतेय ते. तिला काय हवं ते दाखवायचं, खूश करून पाठवायचं. ती विचारेल कसं चाललंय, तर म्हणायचं छान. तेवढा एक दिवस नीट पार पडला की आपला आठवड्याचा एक दिवस सुटला. तुम्ही पण त्या दिवशी जरा हसऱ्या चेहऱ्याने राहा, ती म्हणाली, आणि हाताचे फोड झाकून घ्या.

“आणि नाहीच मिळालं पान, तर?” बाईंनी विचारलं.

वहिनीने हातातला टॉवेल झटकला. दोरीवर टाकला, त्याची कडा सरळ केली, परत सरळ केली. नाही मिळालं तर काय, हे तिने कधी मनातसुद्धा येऊ दिलं नव्हतं. दमलेल्या माणसाला लांबचं बघवत नाही. पुढचा टॉवेल तेवढा दिसतो.

ऊन उतरता उतरता हातगाडीचं चाक कुरकुरलं आणि खतराव पोत्यांसकट अंगणात आले. घामाने भिजलेले, केसांत भुसा, चेहऱ्यावर विजय. त्यांनी दोरीकडे पाहिलं, वहिनीकडे पाहिलं, मग तिच्या शेजारी गुडघ्यापर्यंत भिजलेल्या बाईंकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा असा काही पांढरा पडला की भुसा उठून दिसायला लागला. संस्थेच्या वेबसाइटवरचा बाईंचा फोटो त्यांनी देवाच्या तसबिरीसारखा रोज बघितला होता.

“मॅडम,” ते म्हणाले. “तुम्ही तर परवा येणार होतात.”

वहिनी खाली बसली. धुण्याच्या दगडावर, ओल्यातच. चूक केवढी झाली हे तिला एका झटक्यात नाही कळलं, ते हळूहळू कळत गेलं. आधी चिखलातली चादर आठवली. मग ओट्यापाशी उभ्याने खायला दिलेला पाव. मग नणंदेचं लोणी. आणि मग बाकी सगळं, एकेक करून, कमरेच्या तेलापासून ते हसऱ्या चेहऱ्यापर्यंत. एका दिवसासाठी इतकी वर्षं तोंड बंद ठेवलं आणि ज्या एका माणसापुढे ते बंद ठेवायचं, नेमकं त्याच्यापुढे सकाळपासून उघडं.

खतरावांनी सावरायचा प्रयत्न केला. म्हणाले, वा, म्हणजे आमच्या सहभागाच्या उपक्रमाचा लाभ घेतलात, फार छान. बाई म्हणाल्या, हो, भरपूर लाभ झाला. मग त्या कपडे बदलायला वर गेल्या, आणि खतराव वहिनीच्या मागोमाग स्वयंपाकघरात आले. आवाज खाली ठेवून ओरडणं कसं असतं ते त्यांनी त्या दिवशी करून दाखवलं.

“काय काय बोललीस तू तिला?”

“सगळं,” वहिनी म्हणाली आणि चुलीत लाकूड सारलं.

ते स्टुलावर बसले. मग उठले. मग पुन्हा बसले. त्यांच्या सगळ्या हालचालींत रागापेक्षा भीती जास्त होती, हे वहिनीला दिसत होतं. अखेर त्यांनी विनवणी केल्यासारखं सांगितलं की अजून काही बिघडलेलं नाही. जेवताना बाई विचारतीलच. तेव्हा तू म्हण की मी गंमत करत होते, कामाची बाई समजून जरा घाबरवत होते. एवढं म्हण. मग पान आलं की तुझा दिवस तुझा, लेखी देतो. वहिनी भाजी ढवळत राहिली. विचार वाईट नव्हता. एक वाक्य बोलायचं, आणि एक दिवस मिळवायचा. आजवर तिने याहून कितीतरी जास्त देऊन कितीतरी कमी मिळवलं होतं.

जेवायला चौघं लांब टेबलावर बसली. वहिनी पहिल्यांदाच बसली, बाईंनीच खुर्ची ओढून दिली म्हणून. खुर्चीत बसल्यावर तिला जाणवलं की पाय दुखत होते ते कमी नाही झाले, उलट आता ऐकू यायला लागले. नणंद बाईंच्या ताटात आग्रहाने वाढत होती आणि त्यांच्या हातांकडे अजिबात बघत नव्हती.

बाईंनी त्यांचं काम सुरू केलं. त्यांनी पाण्याचं विचारलं, खतरावांनी सांगितलं. मातीचं विचारलं, तेव्हा तर खतराव असे फुलले की भाजी खरोखर गार झाली. आपला झरा, आपली माती, ठरवून लावलेली झाडं, सगळं आपल्या नातवंडांपर्यंत असंच चालेल, याची त्यांनी हमी दिली. बाईंनी ते सगळं मनापासून ऐकलं, आणि त्यांना ते आवडलंही, हे स्पष्ट दिसत होतं.

मग त्या वहिनीकडे वळल्या.

“वहिनी, हे असं अजून किती दिवस चालेल, असं तुम्हाला वाटतं?”

खतराव काही बोलणार होते. बाईंनी मलम लावलेला हात नुसता वर केला.

वहिनीने बोलायला तोंड उघडलं. ठरलेलं वाक्य तयार होतं. मी गंमत करत होते. पण ते म्हणायचं तर आधी हसायला हवं, आणि मग ते वाक्य आयुष्यभर सांभाळायला हवं. उद्या परत खरं वाटेल असं वागायला हवं, पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी. अजून एक काम. त्या क्षणी तिच्या अंगात चादरीचं एक टोकसुद्धा उचलायचं बळ नव्हतं, हे एवढं मोठं खोटं ती कुठून उचलणार.

“झरा चालेल,” ती म्हणाली. “माती चालेल. मी नाही चालणार. माझं संपत आलंय.”

ती रडली वगैरे नाही. मीठ संपत आलंय, हे जसं सांगतात तसं तिने सांगितलं. नणंदेच्या हातातला डाव तसाच हवेत राहिला. खतराव ताटाकडे बघत होते.

बाईंनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाल्या की चौथं पान त्या देऊ शकत नाहीत. मशीनमुळे नाही, मशीन घेतलं असतं तरी चाललं असतं. पाण्या-मातीचे नियम सगळे वाचतात, त्याच्याखाली माणसांबद्दल एक नियम आहे, तो कुणीच वाचत नाही. ज्यांच्या हातावर जागा चालते त्यांना आठवड्यातून निदान एक पूर्ण दिवस मोकळा पाहिजे. तो असल्याशिवाय चौथ्याचा विचारच होत नाही.

खतरावांना हे पोचायला वेळ लागला. पोचलं तेव्हा त्यांनी मान वर केली.

“म्हणजे ही मागत होती तेव्हाच सुट्टी दिली असती...”

“तर कदाचित आज पान घेऊनच आले असते,” बाई म्हणाल्या.

त्यावर टेबलावर जी शांतता पसरली, तिचं कौतुक एकाही पाहुण्याने केलं नसतं. मग नणंद एकदम म्हणाली, “दादा, अरे, तुला खतात किडा सापडतो आणि एवढं सापडलं नाही?” आणि कुणी हसलं नाही, म्हणून तीच वाढायला लागली.

रात्री खतराव भिंतीकडे तोंड करून पडले. समजूत काढायची तर कुणी कुणाची काढायची, हा प्रश्न होता, आणि वहिनी तो न सोडवताच झोपली.

सकाळी उजाडलं तेव्हा ती जागी झाली, पण उठली नाही. ठरवून नाही. अंगाला हुकूम दिला आणि अंगाने तो घेतलाच नाही. ती छताकडे बघत पडून राहिली. स्वयंपाकघरात भांडं पडलं. मग दुसरं पडलं. खतराव दारापर्यंत आले, चहाची पूड कुठे असते असं विचारायला तोंड उघडलं, तिच्याकडे पाहिलं आणि तसेच परत गेले. थोड्या वेळाने त्यांना पूड सापडली असावी, कारण करपल्यासारखा वास आला. चहा कसा करपवतात हे तिला विचारायचं होतं, पण ते विचारायला उठावं लागलं असतं.

बाई निघाल्या ते तिला अंगणातल्या आवाजांवरून कळलं. त्यांनी दुकानातून काहीतरी घेतलं, नणंदेने त्यांना तुमचे हात फार छान आहेत हो असं आवर्जून सांगितलं, आणि फाटक वाजलं. मग खतराव एकटेच अंगणात येरझाऱ्या घालत असलेले ऐकू आले. ते स्वतःशी बोलत होते. तिने कान दिला. पुढच्या वर्षीच्या तपासणीआधी किती बुधवार येतात, असं काहीतरी चाललं होतं. म्हणजे तिच्यासाठी नव्हे, पानासाठीच. तिने त्यावर वाईट वाटून घ्यायचा विचार केला. पण वाईट वाटून घेणं हेही एक कामच, आणि आज ती कामावर नव्हती.

मग रस्त्यावर कुणीतरी थांबलं. दोघं असावीत, नवरा-बायको, पाठीवर पिशव्या घेऊन भटकणारी. खोली मिळेल का, जेवण मिळेल का, अशी विचारणा चालली होती. वहिनीचं अंग आपसूक ताठलं. तळपाय जमिनीचा अंदाज घ्यायला लागले. या क्षणी “अगं, ऐकलंस का” अशी हाक येणार, हे तिच्या हाडांना पाठ होतं.

“आज बंद आहे,” खतरावांचा आवाज आला. जरा दुखावलेला, जरा तोऱ्यातला. “दर बुधवारी बंद असतं आमचं.”

पाहुण्यांनी बरं म्हटलं. आजूबाजूला दुसरी सोय आहे का, ते विचारलं. खतरावांनी विणकराच्या घराचा रस्ता दाखवला, माडीवर खोली रिकामी आहे म्हणाले, हवा चांगली येते. एवढ्यावर ते थांबते तर ते खतराव कसले. विणकराच्या परसातला खड्डा त्यांनी स्वतः कसा खणून दिला, त्यात कोणता पाला आधी आणि कोणता नंतर, हेही आता ते त्या बिचाऱ्यांना सांगू लागले. पाहुणे हूं हूं करत होते. त्यांच्या पिशव्या खाली ठेवल्याचा आवाज आला.

वहिनीने कुशीवर वळून पांघरूण कानावर ओढलं. ओला पाला एक भाग, सुका दोन भाग, एवढं तिला ऐकू आलं. त्यानंतर राख कधी घालायची हे तिला गेली कित्येक वर्षं माहीत होतं, पण आज ते सांगून होईपर्यंत ती जागी नव्हती.